उतरवलेल्या तारा

पुणे शहराच्या श्रवणसंस्कृतीविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात, १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवापासून विसर्जनाच्या मिरवणुकीतील ढोल-ताशांपर्यंत, बहुतेक सर्व नादांची नोंद सापडते. मात्र मुळेवरचा हॅरिस पूल ओलांडून दापोडीहून भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत शिरले की पत्र्याच्या शेडांमधून जो नाद तिन्ही पाळ्यांत अखंड चाललेला असतो, त्याची गणना कोणी संगीतात केलेली नाही, आणि ती करावी असा हट्ट धरण्याइतका मी भाबडाही नाही. मी त्या नादाचा चाकर होतो. त्याने मला पगार दिला, काही अंशी बहिरेपण दिले, आणि ज्यास लोक माझे लेखन म्हणतात त्याची घडणही दिली. ही तिसरी गोष्ट मात्र थेट त्याच्याकडून न येता, सातासमुद्रापलीकडच्या चार कामगारपोरांच्या मार्फत आली, तिची हकीकत सांगावी असे पुष्कळ दिवस मनात होते.

माझी नोकरी एका लहानशा प्रेस-शॉपमध्ये होती. स्कूटर, रिक्षा, टेंपो यांचे पत्र्याचे सुटे भाग दाबून काढायचे आणि मोठ्या कारखान्यांना पुरवायचे, हा त्या शॉपचा धंदा. पॉवर प्रेस ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी एवढे सांगतो की, तिच्या माथ्यावर एक जड फ्लायव्हील सतत फिरत असते. पायाखालचे पॅडल दाबले की क्लच त्या चाकाला शाफ्टशी जोडतो, रॅम खाली येतो, पंच डायमध्ये उतरतो, आणि मधल्या पत्र्याला डोळ्याचे पाते लवण्याच्या आत आकार येतो. मग रॅम वर जातो. तो वर जाऊन थांबतो तेवढ्या अवकाशात तयार जॉब काढायचा, नवा ब्लँक बसवायचा, हात बाहेर घ्यायचा आणि पुन्हा पॅडल दाबायचे. पाळीच्या अखेरीस मोजदाद होते ती पडलेल्या फटक्यांची. परंतु कामगाराचे सारे आयुष्य, म्हणजे त्याचे कौशल्य, त्याची भीती आणि त्याची बोटे, दोन फटक्यांच्या मधल्या त्या मोकळ्या जागेत असते.

वाचनाचा नाद मला महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या केंद्रातील वाचनालयाने लावला. अण्णाभाऊ साठे, बाबूराव बागूल, नारायण सुर्वे ही मंडळी मला तेथेच भेटली. सुर्व्यांचे ‘माझे विद्यापीठ’ १९६६ सालचे. माझ्या हाती ते बऱ्याच उशिरा आले, आणि गिरणीत, रस्त्यावर वाढलेला मनुष्य मराठी वाङ्मयाच्या दिवाणखान्यात परवानगी न मागता बसू शकतो हे पाहून माझ्या मनावरचे एक दडपण कायमचे उतरले. तथापि लिहिण्याचा अधिकार मिळणे निराळे आणि लिहिण्याची रीत सापडणे निराळे. शांतता ही लेखनाची पूर्वअट असल्याचा दाखला प्रत्येक थोर लेखकाच्या चरित्रात मिळे. आणि शांतता ही वस्तू बोपोडीत, लोणावळ्याच्या लोकलने दर खेपेस भांडी हलवणाऱ्या आमच्या खोलीत, भाड्यानेही मिळण्यासारखी नव्हती. एका संपादकांनी तर मला सांगितले की कामगाराच्या कथेत भोंगा, संप आणि गुत्ता हे तीन घटक आले की वाचकाला तिची ओळख पटते. त्यांचा हेतू चांगला असावा. पण मला जे लिहायचे होते ते दोन फटक्यांच्या मधल्या अवकाशाविषयी होते, आणि त्याला ना भोंगा होता ना गुत्ता.

आमच्या टूलरूममध्ये डाय बनवणारा एक मेस्त्री होता. मूळचा गोव्याकडचा ख्रिस्ती, क्वार्टर गेटच्या बाजूला राहणारा, अत्यंत मितभाषी आणि हातात मायक्रोमीटर असताना देवाचेही न ऐकणारा. बुधवारी वा रविवारी सवड मिळेल तेव्हा मंगळवार पेठेतला जुना बाजार पालथा घालून तो कॅसेटी आणी, आणि जेवणाच्या सुट्टीत टूलरूमच्या कोपऱ्यात लहान आवाजात लावी. एकदा मी कसल्याशा कामाने तेथे डोकावलो असता त्याने हात वर करून मला थांबवले. “अरे, ऐक हे. ही आपल्याच लायनीतली माणसं आहेत,” एवढेच म्हणाला.

ती कॅसेट ब्लॅक सबाथ या बँडची होती. पहिल्याच श्रवणात ते संगीत मला आवडले असे म्हणणे असत्य होईल. गाणाऱ्याचा आवाज मला रडवेला वाटला, मुखपृष्ठावरचा भुताखेतांचा देखावा पोरकट वाटला; आणि त्या जातीच्या संगीताची जी लांबलचक ढोलवादने असतात ती मला आजही कंटाळवाणी वाटतात. परंतु गिटारीवर वाजणारे ते एक मंद, जड, खालच्या पट्टीतले स्वरवाक्य, ज्याला ती मंडळी रिफ म्हणतात, ते मात्र मी ओळखले. ते पडे, थांबे, पुन्हा तेच पडे. पडण्याला वजन होते, पण खरी जरब थांबण्यात होती. आठ तास जे मी पायाने आणि हातांनी करीत होतो तेच कोणी तरी मुद्दाम, विचारपूर्वक, सुंदर म्हणून करीत होते, ही जाणीव मला अक्षरशः अस्वस्थ करून गेली. पुढे मी वाचले की ही माणसे बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातली, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर कानी येणाऱ्या कारखान्यांच्या ठोक्यांचा उल्लेख त्यांनीच आपल्या मुलाखतींत केलेला आहे. बर्मिंगहॅम म्हणजे मोटारी, मोटरसायकली आणि त्यांचे सुटे भाग यांचे शहर. थोडक्यात, थंडी अधिक असलेले पिंपरी-चिंचवड. गायक ऑझी ऑसबोर्न याने कत्तलखान्यात काम केले होते, आणि मोटारीच्या हॉर्नचे सूर लावण्याचेही. यातील दुसरी नोकरी संगीताच्या तालमीत धरावी की नाही यावर मेस्त्रीचा आणि माझा पुष्कळ वाद झाला.

पण मेस्त्रीने मला तेथे थांबवले होते ते गिटारवादक टोनी आयोमी याच्यासाठी. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, हा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करीत होता. एका बँडबरोबर जर्मनीस जाण्याचे ठरल्याने त्याने राजीनामा दिला होता आणि तो त्याचा कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी गेल्यावर पुन्हा जाऊच नये असे त्याच्या मनात आले, पण आईने दिवस पुरा करायला परत धाडले. त्या दिवशी प्रेसवरचा कामगार गैरहजर. म्हणून त्याला त्या प्रेसवर उभे केले, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात तोच. डॉक्टरांनी वाजवणे विसरायला सांगितले. तेव्हा कारखान्याचा मॅनेजर एक ध्वनिमुद्रिका घेऊन घरी आला; ती जँगो राइनहार्ट या वादकाची होती, ज्याची दोन बोटे १९२८ साली गाडीला लागलेल्या आगीत निकामी झाली होती आणि जो उरलेल्या बोटांवर युरोपभर गाजला. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली, त्यांवर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटवले. तार दाबताना दुखे, म्हणून त्याने हलक्या तारा लावल्या. पुढे त्या सैल सोडून वाद्यच खाली उतरवले, इतके की १९७१ च्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत ते नेहमीच्या स्वराहून तीन अर्धस्वर खाली गेले. १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झालेली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका तर सुमारे एका दिवसात मुद्रित झाली होती. ओव्हरटाइमची सवय असलेल्यांना याचे नवल नाही.

ही हकीकत सांगणारे तिचा शेवट बहुधा जिद्दीवर करतात. मला तीत जिद्दीपेक्षा निराळे काही दिसले. हात वाद्याच्या लायकीचा राहिला नाही, तेव्हा आयोमीने हाताला वाद्याच्या पूर्वीच्या मापात बसवण्याचा प्रयत्न सोडून वाद्यच हाताच्या मापाने कापले. आणि त्या कापण्यातून जो जड, काळसर ध्वनी निघाला तो त्या संपूर्ण संगीतप्रकाराचा स्वभाव ठरला. इजा झाकली गेली नाही, तिची रचना झाली. माझ्यापुरता याचा अर्थ सरळ होता. शांतता मिळेल तेव्हा लिहीन हा बेत मी रद्द केला आणि प्रेससमोर उभा राहूनच वाक्ये जुळवू लागलो. एखादे शब्दसमूहाचे रिफ धरायचे, फटक्याफटक्याला ते मनात म्हणायचे, मधल्या अवकाशात त्याला एकेक पद जोडत जायचे, आणि चहाच्या सुट्टीची घंटा झाली की जॉबकार्डाच्या पाठीवर उतरवून काढायचे. कागद हाती येईपर्यंत वाक्य तुटता कामा नये, म्हणून ते लांबत जाई. आणि लांबूनही लक्षात राहावे म्हणून त्यात काहीतरी पुन्हा पुन्हा परतून यावे लागे. माझी वाक्ये लांब असतात अशी तक्रार जे करतात त्यांना माझी पाळी किती लांब असे याची कल्पना नसते.

येथे कोणी म्हणेल की हे परकीय खूळ मराठी कामगाराने का डोक्यावर घ्यावे. त्यांनी पाचगणीपर्यंत जाऊन यावे. तेथील सेंट पीटर्स शाळेत फारूख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा वाढला, सोबत्यांना घेऊन त्याने शाळेतच बँड काढला, आणि पुढे तो फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगाला ठाऊक झाला. किंवा त्यांनी आमच्या पुण्यात २००४ साली देह ठेवलेल्या अरुण कोलटकरांचे चरित्र पाहावे, ज्यांना तुकोबा आणि अमेरिकेतील काळ्या गवयांचे ब्लूज एकाच घरात ठेवताना कधी अडचण वाटली नाही. सवाईच्या मंडपाबाहेर उभे राहून मीही भीमसेन ऐकले आहेत, आणि त्यातले मोठेपण कळायला मला कोणाच्या शिफारशीची गरज पडली नाही. पण आलापीला जे स्वास्थ्य लागते ते सकाळच्या पाळीवर जायचे असले की नसते.

आता जी घटना सांगतो ती नसती तर वरील सारे माझ्यापुरते एक खासगी कौतुक होऊन राहिले असते. माझ्या शेजारच्या प्रेसवर माझ्याच वयाचा एक सोबती होता. एका रात्रपाळीत त्याच्या प्रेसने डबल स्ट्रोक मारला, म्हणजे पॅडल एकदा दाबले असता रॅम दोनदा उतरला, आणि दुसऱ्या वेळी त्याचा हात डायमध्ये होता. उजव्या तर्जनीची दोन पेरे गेली. दुसऱ्या दिवशी अपघाताच्या कागदावर कारणाच्या रकान्यात दोन शब्द लिहिलेले आढळले: ‘कामगाराचे दुर्लक्ष’. तो रकाना अरुंद होता हे खरे. त्यात दोनच शब्द मावत. मी शॉपमध्ये लिहिणारा म्हणून ठाऊक होतो, सबब अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. दोन शब्दांना उत्तर द्यायचे तर दोन शब्दांनी चालणार नव्हते, आणि लहान लहान वाक्ये लिहावीत तर त्यांतील गैरसोयीचे वाक्य वगळून बाकीची वाचता येतात. म्हणून मी एकच वाक्य लिहिले, ज्यातून काहीही काढता येऊ नये:

“ज्या प्रेसच्या क्लचची चावी झिजल्याची तोंडी वर्दी आधीच्या दोन्ही पाळ्यांच्या सेटरांनी दिली होती, व जी बदलून मिळेपर्यंत उत्पादन थांबवू नये अशी ताकीद देण्यात आली होती, त्याच प्रेसवर, दोन्ही हातांनी चालवण्याची बटणे उत्पादन वाढावे म्हणून काढून ठेवून पायाच्या पॅडलवर काम घेतले जात असता, अर्जदाराने पॅडल एकवार दाबले व रॅम दोन वेळा खाली आला.”

मराठीचे क्रियापद शेवटी येते; रॅमही शेवटी येतो. जे जे झाल्यामुळे तो आला ते सर्व आधी वाचल्यावाचून वाचणाऱ्याला त्या क्रियापदापर्यंत पोहोचता येऊ नये, एवढीच माझी शैलीविषयक दृष्टी त्या रात्री होती, आणि आजही तिच्यात मोठी भर पडली आहे असे मी म्हणणार नाही. हे वाक्य जुळवताना डोक्यात कोणते रिफ चालले होते तेही मला आठवते, पण ते अर्जात नमूद करण्यासारखे नव्हते. पुढे माझ्या ज्या कथा दिवाळी अंकांतून आल्या त्या बहुशः अशा अर्जांच्याच नातलग होत.

त्या निमित्ताने मी १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेले परिशिष्ट वाचले. कामगार राज्य विम्याच्या १९४८ च्या कायद्यातही तशीच यादी होती. माझ्या मते कामगार-वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यांनी ते प्रथम वाचावे. त्यात मानवी हाताचा दरपत्रक-रूपाने विचार केलेला आहे. संपूर्ण तर्जनी गेली तर अर्जनक्षमतेचा ऱ्हास १४ टक्के, दोन पेरे गेली तर ११, एक पेर ९. मधले बोट संपूर्ण १२, दोन पेरे ९, एक पेर ७. अनामिका वा करंगळी संपूर्ण ७, दोन पेरे ६, एक पेर ५. हाड न जाता नुसते टोक उडाले तर त्याहून कमी. हे परिशिष्ट निर्दय आहे असे मी म्हणत नाही. ते नसते तर आमच्या सोबत्याला तेवढेही मिळाले नसते. पण ते बोट एरवी काय करीत होते हा प्रश्न त्या यादीत कोठेही विचारलेला नाही. आयोमीच्या दोन बोटांचे एकेक पेर धरले तर आमच्या परिशिष्टाप्रमाणे ७ आणि ५ मिळून १२ टक्के भरतात. राहिलेल्या ८८ टक्क्यांत त्याने काय केले ते कायद्याच्या कक्षेबाहेरचे आहे.

सोबती दवाखान्यातून घरी आल्यावर मी मोठ्या उत्साहाने कॅसेट घेऊन त्याच्याकडे गेलो. बर्मिंगहॅमच्या मॅनेजराने जे केले तेच आपण करतो आहोत अशी माझी भावना होती. आयोमीची कथा त्याने शांतपणे ऐकून घेतली, रिफही ऐकले, आणि मग म्हणाला, “त्याच्याकडे गिटार होती. मला बरं झाल्यावर परत प्रेसवरच जायचंय.” वहिनींनी चहा आणला. गाणे चालूच होते. थोड्या वेळाने त्याने मान तिरकी करून कान दिला आणि निर्णय सांगितला, “पण वाजवणाऱ्याला काम येतं. हात कधी काढायचा ते त्याला कळतं.” माझ्या वाचनात रॉक संगीताची जी थोडीबहुत समीक्षा आली तिच्यात याहून नेमके वाक्य मला आढळलेले नाही, आणि त्याच्या पहिल्या वाक्याला उत्तर देण्याचा मी त्या वेळी प्रयत्न केला नाही, नंतरही नाही. कला माणसाला तारते असे लिहिण्याची वेळ आली की मी ते वाक्य त्याच्या समोर बसून वाचता येईल का हे पाहतो, आणि बहुधा खोडतो.

निवृत्तीच्या सुमारास माझ्या कानांची तपासणी झाली. गोंगाटाने जाणारे ऐकू येणे वरून जाते, ४,००० हर्ट्झच्या आसपास प्रथम खळगा पडतो, असे तपासणाऱ्या बाईंनी आलेख दाखवून समजावले. सुनेच्या बोलण्यातले स, श आणि त यांतले अंतर मला आता ओठ पाहून ताडावे लागते. पाखरे तर जवळजवळ गेलीच. तानपुऱ्याच्या झंकारातले वरचे थर, ज्यांसाठी जाणकार डोळे मिटतात, माझ्या हद्दीबाहेर गेले आहेत. खालचे मात्र जसेच्या तसे शाबूत आहे. ढोल शाबूत आहे, आणि तीन अर्धस्वर उतरवलेली गिटार तर पूर्णपणे. कारखान्याने माझ्या कानाचा जो भाग वापरून टाकला त्याच्या नेमका खाली हे संगीत वस्ती करून होते. त्याचा परिणाम लेखनावरही झाला असावा: मोठ्याने वाचून पाहताना मला शब्दांची किनार कमी आणि वजन अधिक ऐकू येते, त्यामुळे जड तत्सम शब्द माझ्या हाताखाली जास्त येतात. अभिजात वळणाचे लिहिता, असे कोणी म्हणाले की मी गप्प राहतो.

२०२५ च्या ५ जुलै रोजी बर्मिंगहॅममध्ये, अ‍ॅस्टनच्याच व्हिला पार्क मैदानावर, चौघेही पुन्हा एकत्र वाजले. ऑसबोर्नला उभे राहणे शक्य नसल्याने तो सिंहासनावर बसून गायला, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला वारला. मेस्त्री हे पाहायला राहिला नव्हता. त्या कार्यक्रमाची काही दृश्ये नातवाने मोबाइलवर लावून दिली तेव्हा माझा तो सोबती दापोडीहून आलेला होता. त्याने ऑसबोर्नकडे पाहिलेच नाही. चित्र मोठे करायला लावून तो आयोमीच्या उजव्या हाताचीच पाहणी करीत राहिला. टोपणे आता कशाची असतात, घाम आला की निसटतात का, असे प्रश्न विचारून झाल्यावर तो म्हणाला,

“तू म्हणालास त्याचे बारा टक्के. माझे अकरा. म्हणजे त्याचं माझ्यापेक्षा एक टक्का जास्तच गेलं.”

“परिशिष्टाप्रमाणे, होय.”

“मग पेन्शन किती बसली असती त्याला?”

त्या वेळच्या नियमाप्रमाणे सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के धरून त्यावर ऱ्हासाचे टक्के काढत, ते मी सांगितले. कागद घेतला. पण आकडेमोडीला मूळ पगार हवा, आणि १९६५ साली बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांच्या वेल्डरला काय मिळत असे याचा आम्हा दोघांनाही पत्ता नव्हता.

“माझा धर,” तो म्हणाला. “अपघाताच्या महिन्याचा. लिही, सांगतो.”